लाजौऱ्याचा घाट

१४ सप्टेंबर, हर्सूल

रात्री भाच्याचा इंग्लंडहून फोन. तो लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पलीकडे विरल भागात राहतो. जवळच्या ब्रॉम्बरो गावातली माणसं सांगतात म्हणे, की इ. स. ९३७ ची ब्रुनानबुर्हची लढाई आमच्याच शिवारात झाली. एका बाजूला इंग्रजांचा राजा अथेलस्टन आणि त्याचा भाऊ एडमंड. दुसऱ्या बाजूला डब्लिनचा ओलाफ, स्कॉटांचा कॉन्स्टंटाइन आणि स्ट्रॅथक्लाइडचा ओवेन. जुन्या इतिवृत्तात या लढाईवर कविताच आहे. पाच राजे आणि सात सरदार पडले, असा तिचा हिशेब. एवढी मोठी लढाई, पण जागा सापडत नाही. तिसाहून जास्त ठिकाणांनी हक्क सांगितलाय.

भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर जमिनी मोजल्या. कुणाचा सातबारा खरा धरायचा?"

मी पुरावा विचारला. नाव ब्रॉम्बरोच्या बाजूचं आहे. त्या गावाचं जुनं रूप ब्रुनानबुर्हला जुळतं. पण बाराव्या शतकातला वूस्टरचा जॉन लिहितो, की शत्रूचं आरमार हंबर नदीच्या मुखातून आत आलं. हंबर पूर्व किनाऱ्यावर, विरल पश्चिमेला. म्हणून मायकेल वुड हे इतिहासकार लढाई यॉर्कशरात नेतात आणि मायकेल लिव्हिंग्स्टन ती विरलला ठेवतात. म्हणजे नाव एका गावाचं आणि वाट दुसऱ्या गावाची. असले तंटे मी तालुक्या-तालुक्यांत पाहिलेत. फक्त तिथं भांडण दोन सऱ्यांचं असतं आणि दोन्ही पार्ट्या समोर उभ्या असतात.

१५ सप्टेंबर

झोप नीट लागली नाही. कारण आपल्याकडेही असाच एक तंटा पडून आहे आणि तो माझ्या घरापासून फार लांब नाही.

१२९६ साली अल्लाउद्दीन खलजी कड्याहून निघाला. चंदेरी, भिलसा, मग एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूर, अशी वाट धरून देवगिरीवर आला. तेव्हा तो सुलतान नव्हता, सुलतानाचा पुतण्या आणि जावई होता. फिरिश्ता सांगतो, की वाटेत त्याने पिल्लू सोडून दिलं होतं : काकाशी बिनसलंय, राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीला चाललोय. देवगिरीच्या अलीकडे घाटी लाजौरा नावाच्या जागी रामचंद्रदेव यादवांचा सरदार कान्हा त्याला आडवा आला. कान्हाबरोबर दोन बायका होत्या, आपापली फौज घेऊन आलेल्या. पहिला हल्ला त्यांनी असा केला, की खलजीचे घोडेस्वार मागे हटले. नंतर मात्र डाव उलटला.

या दोघींची हकीकत इसामीच्या 'फुतूह-उस-सलातीन'मध्ये आहे. इसामी १३२७ च्या धामधुमीत दिल्लीहून दौलताबादकडे हाकलल्या गेलेल्यांपैकी. म्हातारे आजोबा प्रवासातच गेले, हा पोरगा इथं वाढला. १३५० मध्ये बहमनी राजाच्या आश्रयाने ग्रंथ पुरा केला. म्हणजे लढाईनंतर पन्नासेक वर्षांनी, पण याच पंचक्रोशीत बसून. परक्या मुलखात वाढलेल्या माणसाच्या कानावर इथल्याच कुणाच्या तोंडून ही गोष्ट पडली असावी, असं मला वाटतं. जिंकणाऱ्यांच्या बाजूचा इतिहासकार हरलेल्या बायकांचं कौतुक उगाच कशाला करील? नावं मात्र त्याने दिली नाहीत.

पुस्तकांत घाटी लाजौरा म्हणजे लासूर, देवगिरीपासून बारा मैल, असं सर्रास लिहिलेलं आहे. लासूरला मी मोजणीला गेलोय. सपाट काळी जमीन. घाट कुठंय?

१७ सप्टेंबर

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन करून आलो. नाक्यावरच्या चहावाल्याकडे नेहमीची म्हातारी मंडळी बसली होती. विषय निघाला, की अठ्ठेचाळीसला भारताची फौज शहरात कुठून आली. एक काका म्हणाले, दौलताबादेकडून, आमच्या बाबांनी रणगाडे पाहिले. दुसरे म्हणाले, छट्, जालन्याच्या रस्त्यानं. आवाज चढले. कारवाई १३ सप्टेंबरला सुरू झाली, १७ ला निजाम शरण आला आणि आपल्या शहरावर फौजेच्या तुकड्या एकाहून अधिक बाजूंनी आल्या होत्या. तेव्हा दोघांचेही बाबा खरे असू शकतात. मी तसं म्हणालो, तर दोघेही माझ्यावर चिडले. आपण खरे ठरलो एवढ्यानं माणसाचं भागत नाही, समोरचा खोटा ठरावा लागतो.

जिवंत आठवणीचं हे असं. मग सातशे-सव्वासातशे वर्षांपूर्वीच्या घाटाचं काय बोलावं.

१९ सप्टेंबर

नानांबरोबर असईला जाऊन आलो. नाना म्हणजे माझे शेजारी, एस.टी.चे निवृत्त चालक. मराठवाड्यातला एकही घाट त्यांच्या हाताखालून सुटलेला नाही. हर्सूल टी पॉइंटवरून जळगाव रोड, चौक्याचा घाट, फुलंब्री, सिल्लोड, तिथून भोकरदन. वाटेत नाना प्रत्येक वळणाला जुन्या मित्राची विचारपूस करावी तसे खाली वाकून बघतात.

असईचं सुख असं, की तिथं जागेचा वाद नाही. २३ सप्टेंबर १८०३. कंपनीचा सेनापती वेलस्ली दोन दिवस आधी बदनापूरला कर्नल स्टीव्हन्सनला भेटला आणि दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी यायचं ठरवलं. शिंदे-भोसल्यांची फौज भोकरदनला असेल असा त्याचा अंदाज होता. ती निघाली केळणा नदीच्या पलीकडे. केळणा आणि जुई अशा दोन नद्यांच्या बेचक्यात, शंभराच्या घरात तोफा लावून. वाटाड्यांनी सांगितलं, इथं नदीला उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं, तर नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर वसलेली. पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोरची गावं एकमेकांकडे जाणार कशी, मधे उतार असणारच, असा त्याने तर्क केला. माणूस पाठवून खात्री केली, तर्क खरा निघाला आणि फौज पाण्यात उतरली. उतरतानाच त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफगोळ्यानं उडालं.

हा तर्क कुठल्याही मोजणीदाराला सुचला असता असं मी नानांना म्हणालो. नाना म्हणाले, "सुचला असता, पण समोरून तोफा नसत्या तर."

काठावर उभे राहिलो. पाणी गढूळ, ओढ जोराची. वरच्या अंगाला पाऊस झालेला दिसत होता. मला या लढाईत वेलस्लीपेक्षा अँथनी पोलमनचं काम मोठं वाटतं. हा हॅनोव्हरचा माणूस शिंद्यांच्या कवायती पलटणींवर होता. शत्रू बगलेवर आलेला पाहून त्याने अख्खी रांग काटकोनात फिरवली. एक टोक केळणेला, दुसरं असईच्या गढीला. मोकळ्या रानात, एवढ्या तोफांसकट. कंपनीच्या बाजूचे ४२८ मेले, ११३८ जखमी झाले, १८ सापडले नाहीत. एकूण १५८४. मराठ्यांचे सुमारे सहा हजार, असा अंदाज इंग्रजांनीच केलेला. ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या. त्यांचा एकेक माणूस मोजलेला आणि आपला आकडा ठोकताळ्याने.

बांधावर एक शेतकरी भेटला. आमच्या हातात नकाशा बघून म्हणाला, "पंचनाम्याला आलात का सायेब? सोयाबीन पार सडाया लागलंय." नाही म्हणालो, लढाईची जागा बघायला आलोय. त्यावर तो म्हणाला, "मंग ते बी लिहून घ्या, दोन एकर." त्याचं नाव-गट काही मी लिहून घेतलं नाही, पण तलाठ्याकडे कुठला अर्ज द्यायचा ते सांगितलं. नाना परतीच्या वाटेवर बराच वेळ हसत होते. मला हसू आलं नाही.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. हरसिद्धीला पहाटेपासून रांग. आम्ही दोघं जाऊन आलो. दिवसभर पाहुणे. लिहायला सवड नाही.

२३ सप्टेंबर

पाऊस कोसळतोय. असईच्या लढाईचा आजचा दिवस. त्या उताराची आज काय गत असेल? १८०३ ला आजच्यासारखं पाणी असतं, तर वेलस्लीचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन कदाचित झालाच नसता. म्हातारपणी त्याला कुणी विचारलं, की तुझी सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर त्याने वॉटर्लूचं नाव न घेता असईचं घेतलं.

भाच्यानं आणखी एक गोष्ट पाठवली. ८७१ साली अ‍ॅशडाउनला आल्फ्रेड आणि त्याचा भाऊ डेन लोकांशी लढले. आल्फ्रेडचं चरित्र लिहिणारा असर सांगतो, की लढाई एका एकट्या काटेरी झाडाभोवती झाली आणि ते झाड मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. याहून पक्की साक्ष कुठली? तरीही अ‍ॅशडाउन नेमकं कुठं, यावर आज एकमत नाही. आमच्या खात्यातही जुन्या टिपणात हद्दीची खूण म्हणून बाभूळ लिहिलेली असायची. मोजायला गेलं की बाभूळ सरपणात गेलेली आणि दोन्हीकडचे म्हणणार, ती आमच्याच अंगाला होती.

तिकडच्या लोकांनी मग जे डोळ्यांना दिसतं ते धरलं. अफिंग्टनच्या टेकडीवर खडूच्या दगडात कोरलेला मोठा पांढरा घोडा आहे. तो आल्फ्रेडनं विजयाची खूण म्हणून कोरला, अशी दंतकथा. १९९० च्या दशकात मातीची तपासणी झाली, तर घोडा तीन हजार वर्षांच्या आसपासचा. आल्फ्रेडच्या पणजोबांच्या पणजोबांनीही तो जुनाच पाहिला असणार. जवळच्या गावात भोकं असलेला एक दगड आहे. तो शंखासारखा फुंकून आल्फ्रेडनं फौज गोळा केली म्हणतात.

आपल्याकडे देवगिरीच्या पोत्यांची कथा अशीच. वेढ्याच्या वेळी घाईनं गडावर चढवलेली पोती धान्याची समजली, ती निघाली मिठाची. ही फिरिश्त्यानं लिहिली, तीनशे वर्षांनंतर. खरी असेलही. पण गाइड ती अशी सांगतात, की पोतं त्यांच्याच समोर उघडलं.

२४ सप्टेंबर

रोशणगावची आठवण झाली. बदनापूर तालुक्यातलं गाव. १६१६ च्या फेब्रुवारीत तिथं मोगलांच्या शाहनवाजखानानं मलिक अंबरचा पराभव केला आणि पुढं येऊन खडकी उद्ध्वस्त केली. खडकी म्हणजे आपलंच शहर, अंबरनं १६१० मध्ये वसवलेलं. नोकरीत असताना रोशणगावला हद्द कायम करायला गेलो होतो. दिवसभर बांधावर चहा, भांडणं, मध्यस्थी सगळं झालं. लढाईचा विषय कुणी काढला नाही. अंबरचं डोकं भाल्यावर आणि जहांगीर त्यावर बाण सोडतोय, असं एक चित्र अबुल हसननं काढलं, ते डब्लिनला आहे. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधी लागला नाही. १६२४ मध्ये त्याने भातवडीला मोगल-आदिलशाहीची मोठी फौज मोडली आणि १६२६ ला आपल्या मरणानं गेला. कबर खुलताबादला. न झालेल्या विजयाचं चित्र जपून राहिलं आणि झालेल्या लढाईचं रान सोयाबीनखाली आहे.

२६ सप्टेंबर

पावसानं उघडीप दिली. नाना गाडी घेऊन दारात. लासूर.

काल रात्री मी नकाशावर देवगिरी मध्य धरून बारा मैलांचा कंपास फिरवला होता. लासूर त्या वर्तुळाच्या थोडं बाहेर पडतं. आणि ईशान्येला तेच वर्तुळ चौक्याच्या डोंगराजवळून जातं. चौका म्हणजे आमच्या हर्सूलच्या वर, जळगाव रोडचा घाट! अचलपूरहून अजिंठ्याच्या डोंगरातून येणाऱ्या फौजेनं फुलंब्रीवरून चौका उतरायचा आणि हर्सूलच्या माळावरून देवगिरी गाठायची. सरळ वाट आहे, घाट आहे, अंतरही जुळतं. मी हे नानांना गाडीत सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे लढाई आपल्याच दारात. तुमचा भाचा आणि तुम्ही, एकाच वळणाचे."

लासूरला शिवना नदीकाठी थांबलो. दाक्षायणी देवीच्या यात्रेची गर्दी, नवरात्राची दुकानं. नाना नदीकडे बघत म्हणाले, "घोडे किती होते?" मी म्हणालो, आकडे एकसारखे नाहीत. तीन-चार हजारांपासून आठ हजारांपर्यंत सांगतात. "घोडा दिवसाला पाणी किती पितो?" उन्हाळ्यात तीस-चाळीस लिटर सहज. "करा हिशेब." आठ हजार धरले तर अडीच-तीन लाख लिटर, रोज, वर माणसं वेगळी. फौज कड्याहून फेब्रुवारीच्या शेवटी निघालेली, म्हणजे इथं येईपर्यंत उन्हाळा लागलेला. "चौक्याच्या डोंगरावर चैतात एवढं पाणी? मी तिथं रेडिएटरला पाणी मिळावं म्हणून थांबलोय. नाही मिळत."

मग त्यांनी दुसरी वाट मांडली. अचलपूरहून फौज सरळ डोंगरात शिरली कशावरून? तापीच्या खोऱ्यानं खानदेशात आली, कन्नडच्या बाजूनं गौताळ्याचे डोंगर चढली आणि शिवनेच्या काठाकाठानं खाली आली, तर? शिवना त्याच डोंगरात उगम पावते. तसं असेल तर लासूर वाटेवरच येतं आणि घाट मागे कन्नडकडे राहतो. इसामीनं किंवा त्याला सांगणाऱ्यानं घाटाचं आणि गावाचं नाव एकत्र केलं असेल. पण मग कन्नडहून वेरूळमार्गे देवगिरी जवळ असताना हे लांबचं वळण कशाला, हा माझा प्रश्न. नानांचं उत्तर, "जवळच्या वाटेवर शत्रू बसलेला असतो म्हणून."

यावर माझ्याकडे बोलण्यासारखं फार नव्हतं. तरी एक गोष्ट मला पटते. नाव सरकतं. एका गावाचं नाव दुसऱ्या वस्तीला लागतं, गाव उठून दुसरीकडे बसतं, फारसी लिपीत लिहिताना अक्षरांचे ठिपके वरखाली होतात. डोंगर आणि पाणी सरकत नाही. ज्याला लाजौरा शोधायचाय, त्यानं नावाच्या मागे लागायच्या आधी उन्हाळ्यात या सगळ्या घाटांत पाणी कुठं टिकतं, ते हिंडून पाहावं.

परतताना एका गावाच्या वेशीत शेंदूर फासलेला उभा दगड दिसला. उतरून पाहिलं. वीरगळ. खाली गायी आणि लढणारा माणूस, मधे त्याला दोन अप्सरा वर नेताहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर बसलेला, टोकाला चंद्र-सूर्य. गावात त्याला म्हसोबा म्हणतात. तिथं बसलेल्या पोरांना सांगितलं, हा तुमच्या गावचा वीर आहे, गायी सोडवताना मेला. एक पोरगं म्हणालं, "कुणाशी लढला?" गायींवरून दिसतं की दरोडा पडला असावा. त्याचं तोंड उतरलं. त्याला खलजी हवा होता.

वीरगळ बघून लोक लढाई तिथंच झाली असं धरतात. तसं नसतं. वीर जिथला, तिथं त्याचा दगड. मरण कुठंही आलेलं असेल.

२९ सप्टेंबर

ती पोरं घरी जाऊन काय बोलली देव जाणे. आज त्या गावचे सरपंच दारात हजर. सोबत ग्रामपंचायतीचे दोन सदस्य, श्रीफळ, शाल. म्हणाले, दोन वीरांगनांची लढाई आमच्या गावात झाली असं कळलं. वेशीत कमान आणि फलक लावायचाय, मजकूर तुम्ही लिहून द्या. मी म्हणालो, कुणी सांगितलं असं? "तुम्हीच परवा दगड बघून गेलात ना."

नीट बसवून सगळं सांगितलं. इसामी, लाजौरा, लासूर, कन्नड. सरपंच शहाणे माणूस. मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "काका, म्हणजे आमच्या गावात झालीच नाही, असंही कुणी म्हणू शकत नाही?"

नाही, म्हणू शकत नाही.

"मग झालं."

नाना आतल्या खोलीत खोकत होते. मी म्हणालो, गावातला वीरगळ आधी शेंदरातून मोकळा करा. त्याचं टिपण, फोटो करून पुरातत्त्व खात्याला कळवा. तो तुमच्या गावचा खरा पुरावा आहे आणि त्यावर कुणाचा दुसरा दावा नाही. सरपंच म्हणाले, शेंदूर काढला तर गाव आम्हाला काढील.

३ ऑक्टोबर

काल दसरा. सोनं वाटून झालं. आज फलकाचा मजकूर लिहून दिला, नाही म्हणवलं नाही :

'इ. स. १२९६ मध्ये देवगिरीचे यादव आणि अल्लाउद्दीन खलजी यांच्यात घाटी लाजौरा येथे लढाई झाली. कान्हा आणि दोन स्त्री-सरदारांनी पहिल्या हल्ल्यात खलजीची फौज मागे हटवली. ही जागा देवगिरीच्या परिसरात होती. वेशीतील वीरगळ त्या काळाच्या शिल्पपद्धतीचा आहे.'

शेवटचं वाक्य जरा सांभाळून लिहिलं. वीरगळाचं साल मला ठरवता येत नाही.

संध्याकाळी सरपंचांचा फोन. "काका, मजकूर झकास. फक्त 'परिसरात' खोडून 'येथे' करू का? परिसराला निधी मिळत नाही."

मी म्हणालो, मग माझं नाव खाली टाकू नका. ते म्हणाले, नावाचं काय ते बघू, पण त्या दोघींची नावं तरी सांगा, पुतळे करायचे म्हटलं तर खाली काय लिहू?